पहिल्याचा तिसऱ्याशी संबंध काय?

गुपितं सांभाळणाऱ्या माणसांकडं सांगण्यासारखं काही नसतं, असं लोकांना वाटतं. आमचा अनुभव उलटा आहे. गुपित सांगता येत नाही म्हणून त्याच्या आजूबाजूचं जे काही घडतं ते सगळं सांगावंसं वाटतं, आणि ते साचतच जातं. माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं रोज संध्याकाळी चहाला बसतो. जालन्यात आमच्याएवढी बडबडी माणसं शोधून सापडायची नाहीत, आणि काम मात्र आम्ही निवडलं ते नेमकं गप्प बसण्याचं.

तिघं म्हणजे एक मी. दुसरे इरफानभाई, त्यांचं शेजारीच इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. तिसरे मोतीलालजी. त्यांचं बियाण्याचं दुकान आता मुलगा बघतो. ते माझ्याकडं ईमेल शिकायला आले, शिकले, आणि मग घरी जायचं विसरले.

* * *

आमचं काम काय, हे सांगायला मला नेहमी दम लागतो. इरफानभाईंनी ते एकदा त्यांच्या अम्मीला सांगितलं होतं, तेच सांगते. घरी ते उर्दूत बोलतात, मी आपल्या भाषेत आणते.

"अम्मी, समजा वडीगोद्रीच्या माणसाला धावड्याला चिठ्ठी पाठवायची आहे, पण कुणी पाठवली ते कळू द्यायचं नाही. तो चिठ्ठी टेम्पोवाल्याला देतो. टेम्पोवाला जालन्यात एका पानवाल्याला देतो. पानवाला भोकरदनकडच्या जीपवाल्याला देतो. जीपवाला ती धावड्याला पोचवतो. टेम्पोवाल्याला माहीत कुणी दिली, पण कुठं चालली ते नाही. जीपवाल्याला माहीत कुठं चालली, पण कुणी दिली ते नाही. आणि मधल्या पानवाल्याला काहीच माहीत नाही. इंटरनेटवर असंच एक जाळं आहे. जगभरातले हौशी लोक आपापले कॉम्प्युटर त्यासाठी चालू ठेवतात. त्या कॉम्प्युटरला म्हणायचं रिले."

अम्मीनं सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "और टेम्पोवाला जीपवाले का बहनोई निकला तो?"

इरफानभाई म्हणतात, त्या दिवशी आपलं शिक्षण वाया गेलं असं वाटलं. कारण पुस्तकं वाचून, इंटरनेटवरच्या चर्चांत भांडून आम्हाला जे उमगलं होतं ते अम्मीनं एका सुपारीत काढलं. पहिला आणि तिसरा एकाच घरातले निघाले की खेळ खलास. रात्री जेवताना दोघं बोलतील, आणि चिठ्ठी कुणाची, कुणाला, सगळं उघडं पडेल.

तर आम्ही तेच शोधतो. नवा रिले आला की त्याची चौकशी करायची, मुलीला स्थळ आल्यावर करतात तशी. कुठला, कधीपासून, उठबस कुणाबरोबर. एकाच माणसानं दहा रिले चालवले तरी हरकत नसते. फक्त त्यानं 'हे सगळे माझ्याच घरातले' असं उघड जाहीर करायचं. मग एका वाटेवर त्याचे दोन कधीच बसवत नाहीत. जाहीर न करता गुपचूप दहा चालवणारा मात्र वाईट. असे दिसले की आम्ही जाळं सांभाळणाऱ्या परदेशी मंडळींना कळवतो.

* * *

एकदा त्या परदेशी मंडळींनी आमचीच चौकशी काढली.

एक रिले माझ्या क्लासात आहे, एक इरफानभाईंच्या दुकानात. दोन्ही मधल्या जागेचे, म्हणजे पानवाले. एक दिवस मेल आला. लिहिणारा सभ्य होता, पण बोट बरोबर ठेवलं होतं. "तुमचे दोन्ही रिले एकाच क्षणी बंद पडतात आणि एकाच क्षणी चालू होतात. हे रोज होतं. दोन्ही एकाच माणसाचे आहेत, असं आम्हाला दिसतं. जाहीर का केलं नाही?"

माझं डोकंच फिरलं. जगाची झाडाझडती घेणाऱ्यांना हा विचारतो, तुम्ही एक की दोन! मी तरातरा उत्तर लिहिलं की आम्ही दोन वेगळी माणसं आहोत, फक्त आमची लाइट एकाच फीडरवरून येते आणि ती एकदमच जाते. त्यानं विचारलं, फीडर म्हणजे काय? इरफानभाईंनी आम्हा दोघांना वीज देणाऱ्या चौकातल्या ट्रान्सफॉर्मरचा फोटो काढून पाठवला. त्याच्या कुंपणावर कुणीतरी चादर वाळत घातली होती, ती पण फोटोत आली.

उलट उत्तर आलं, "मॅडम, समजलं. फक्त एक शंका. ते दुसरे गृहस्थ इन्व्हर्टर विकतात असं तुम्ही लिहिलंय. मग लाइट गेल्यावर त्यांचा कॉम्प्युटर बंद का पडतो?"

मी इरफानभाईंकडं पाहिलं. ते छताकडं पाहायला लागले. म्हणाले, "ताई, इन्व्हर्टर विकायला असतंय. घरचंच लावून बसलो तर विकू काय?"

त्याच संध्याकाळी त्यांनी रिलेला इन्व्हर्टर जोडलं. मला म्हणाले, तुम्हाला पण देतो, बिलकुल घरच्या भावात. मी म्हटलं बघू. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा माझा रिले पडला, त्यांचा तसाच उभा. दुसऱ्या दिवशी मेल हजर.

"आता खात्री पटली की तुम्ही दोघं आहात. एकच माणूस असता तर त्यानं दोन्हीकडं इन्व्हर्टर लावलं असतं."

* * *

मोतीलालजींची चौकशीची तऱ्हाच वेगळी. एका रिलेवाल्यानं आपल्या माहितीत लिहिलं होतं, 'शंभर टक्के विश्वासू, कुणाचंही काही पाहत नाही.' मला बरं वाटलं. मोतीलालजींनी चष्मा वर केला.

"मॅडम, ज्या बॅगवर जास्त छापलंय ती आधी फोडून बघायची."

मग त्यांनी बियाण्याची रीत सांगितली. बॅगवर काय लिहिलंय ते वाचायचं नाही. मूठभर दाणे काढायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आणि थोड्या दिवसांनी उघडून किती उगवले ते बघायचं. बियाणं बोलतं ते असं. इरफानभाई म्हणाले, "शेठजी, रिले गोणपाटात कसा गुंडाळायचा?" पण मला ते सुचलं. शेवटच्या जागेवरचा रिले, म्हणजे आपला जीपवाला, जर निरोप उघडून वाचत असेल, तर त्याला वाचायला मुद्दामच काहीतरी द्यायचं!

आम्ही पापडाच्या ऑर्डरींची एक खोटी वेबसाइट केली, मुद्दाम बिनकुलपाची, म्हणजे वाटेतल्याला सगळं उघडं दिसेल अशी. प्रत्येक जीपवाल्यामार्फत वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड पाठवला. पासवर्ड मोतीलालजींनी ठरवले. अंबड-तूर, वडीगोद्री-मोसंबी, धावडा-मका. यातला पासवर्ड वापरून कुणी साइटवर आला, की समजायचं तो ज्याच्या हातून गेला तोच चोर. आमच्यात या प्रकाराला 'पेरणी' नाव पडलं, आणि चोर सापडला की 'उगवला'.

पेरणी करून आम्ही घरी गेलो. दोन-तीन दिवसांनी इरफानभाई धावतच क्लासात आले. "ताई, उगवलं! सगळंच्या सगळं उगवलं!"

बघते तर खरंच. तूर, मोसंबी, मका, एकेक पासवर्ड कुणीतरी वापरलेला. म्हणजे जगातले झाडून सगळे जीपवाले चोर! मी परदेशी मंडळींना मेल लिहायला घेतला, त्यात 'अत्यंत गंभीर' हे शब्द दोनदा आले. पाठवायच्या आधी सहज पाहिलं, तर सगळे चोर सकाळी देवपूजेच्या वेळेला येऊन गेले होते. आणि सगळे जालन्यातून.

मोतीलालजी बिस्कीट चहात बुडवून बसले होते. मी विचारलं, शेठजी, तुम्ही त्या साइटवर गेल्ता का?

"मंग! रोज सकाळी जातो. एकेक उघडून बघतो."

"अहो पण का?"

"उगवलं का ते बघायला नको? गोणपाट उचलल्याशिवाय कसं कळंल?"

* * *

दुसऱ्यांदा पेरणी केली तेव्हा पासवर्ड मीच नवे ठरवले आणि मोतीलालजींना सांगितलेच नाहीत. यावेळी एक खरा उगवला. बाकी सगळं शांत, फक्त एक पासवर्ड वापरून कुणीतरी आत शिरलं होतं. रिले काढून टाकायला सांगायच्या आधी रीतीप्रमाणे चालवणाऱ्याला विचारायचं असतं, म्हणून मी लिहिलं.

त्याचं उत्तर आलं की मी चोरी केलेली नाही, बाकीचे लोक चोरी करतात का, एवढंच मी आत जाऊन बघत होतो.

इरफानभाईंनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा, आणि धरल्यावर म्हणायचं, पाकीटमार आलाय का बघून राह्यलो."

तो रिले गेला.

* * *

इथवर आमचा सगळा छंदच होता, खरं सांगते. कुणाची चिठ्ठी सुखरूप पोचते आणि कुणाची उघडी पडते, त्या माणसांचं आम्हाला तोंड दिसत नव्हतं. एका दुपारी ते दिसलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. तिला सीमा म्हणू, हे तिचं खरं नाव नाही. एमआयडीसीतल्या एका स्टील मिलच्या ऑफिसात ती काम करते. क्लास रिकामा होता तरी तिनं दार लावून घेतलं. मिलमध्ये भट्टीपाशी एक कामगार भाजला होता. भट्टीपुढचा कठडा कधीचा मोडलेला होता. मालकानं सांगायला लावलं की तो घरी जाताना मोटारसायकलवरून पडला. त्याची बायको दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती आणि कंपनी तिला ओळख दाखवत नव्हती. सीमाकडं मोडक्या कठड्याचे फोटो होते. एका पत्रकाराला ते द्यायचे होते.

"मॅडम, माझी नोकरी गेली तर गेली. पण त्याच मिलमध्ये दादा क्रेनवर आहे. माझं नाव निघालं तर त्याला उद्याच काढतील. तुमच्या त्या जाळ्यातून पाठवलं तर नक्की कळणार न्हाई ना?"

मी एरवी कुणाचंच ऐकून घेत नाही, पण त्या 'नक्की'ला मी हो म्हटलं नाही. उद्या ये म्हटलं.

संध्याकाळी चहाला मी कुणाचं नाव न घेता विचारलं, एखाद्यानं 'नक्की का' म्हणून विचारलं तर काय सांगायचं?

इरफानभाई म्हणाले, "बॅटरीची गॅरंटी लिहून देतो मी. अनोळखी माणसाची कशी देणार?"

मोतीलालजी म्हणाले, "बियाण्यात नक्की नसतंच. म्हणून पेरणी थांबती का? पण ज्याचं शेत त्याला आधी खरं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी मी सीमाला खरं सांगितलं. नक्की म्हणणार नाही, आमच्यानं होईल तेवढी चौकशी करून बघितलीय. तरी ती म्हणाली, पाठवू. मी फोटो तपासायला घेतले. फोटो कुठल्या फोनवर, कुठं काढला, ही आत दडलेली माहिती पुसली. तेवढ्यात कोपऱ्यात काहीतरी गुलाबी दिसलं. मोठं करून पाहिलं तर तिचा डबा! कठड्याशेजारच्या स्टुलावर ठेवलेला, आणि ऑफिसातल्या डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून झाकणावर नेलपॉलिशनं तिचं पूर्ण नाव घातलेलं.

जगाच्या तीन कोपऱ्यांतले तीन अनोळखी लोक जिचं नाव लपवायला राबणार होते, तिनं ते स्वतःच फोटोत काढून ठेवलं होतं. ती रडकुंडीला आली आणि मला हसू आवरेना. डबा कापून फोटो गेले.

* * *

त्यानंतर माझी चौकशी फार कडक झाली. नव्यानं आलेल्या काही रिलेंवर माझा डोळा होता. नावं वेगळी, देश वेगळे, मालक वेगळे, पण रोज दुपारी सगळे एकदम ढिले पडायचे आणि थोड्या वेळानं एकदम ताजेतवाने व्हायचे. परदेशी मंडळींना कळवलं, तर आमचा तो सभ्य गृहस्थ म्हणाला, कदाचित त्यांचाही फीडर एक असेल.

मी लिहिलं, "वेगवेगळ्या देशांचा फीडर एक नसतो. ही एकाच घरची माणसं आहेत आणि जेवायला बसतात."

तसंच निघालं. सगळे एकाच माणसाचे होते. तो जेवायच्या वेळेला ते सगळे कॉम्प्युटर दुसऱ्याच कामाला लावायचा. रिले हाकलले. हे मी सीमाला सांगितलं नाही, तिचे फोटो यांच्याच हातून गेले असतील का, या विचारानं तिची झोप उगीच उडाली असती. माझी उडालीच होती.

* * *

बातमी छापून आली. मिलमध्ये तपासणी झाली, भट्टीपुढं नवा कठडा बसला, दवाखान्याचा खर्च कंपनीनं मुकाट्यानं उचलला. आणि मालक फोटो कुणी दिले ते शोधायला लागला.

सीमा फोनवर हळू आवाजात एकेक सांगायची. मॅनेजरनं ऑफिसातल्या सगळ्यांना एकेका कोऱ्या कागदावर 'आमच्या मिलमध्ये सर्व काही बराबर आहे' असं हातानं लिहायला लावलं. अक्षर जुळवून बघायला म्हणे! पत्रकाराला गेलं ते कॉम्प्युटरवर टाइप केलेलं होतं. ते त्याला दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं, तर त्यानं सगळ्यांना तेच वाक्य टाइप करून द्यायला सांगितलं.

मी हे चहाला हसत हसत सांगितलं, अर्थात कुठली मिल, कुणाचा फोन, हे वगळून. इरफानभाई खोखो हसले. मोतीलालजींनी कप खाली ठेवला.

"मॅडम, माझं एक जाहीर करायचं ऱ्हायलंय. त्या कोऱ्या कागदांचं मी आधीच ऐकलंय. ती मिल माझ्या साडूची आहे."

जगभरातल्या लोकांचे सोयरेधायरे आम्ही शोधत होतो, आणि रोज माझ्या शेजारी बसून बिस्कीट खाणाऱ्या माणसाला मी एकदाही विचारलं नव्हतं.

"तो मला विचारून राह्यला, तुम्ही त्या लोकांत बसता, कोण येतं-जातं ते सांगा," मोतीलालजी म्हणाले. "मला ठाऊक न्हाई, आणि ठाऊक करून घ्यायचं न्हाई. तुम्ही म्हणत असाल तर उद्यापासून येत न्हाई."

इरफानभाई म्हणाले, "जाहीर केल्यावर रिले काढत न्हाईत, शेठजी. फक्त एका वाटेवर दोघांना बसवायचं न्हाई. यायच्या आधी फोन करत जा."

तसं ठरलं. मोतीलालजी रोज निघायच्या आधी फोन करायचे. कुणी बसलेलं असलं की मी म्हणायची, थोड्या वेळानं या. ते कधी का म्हणून विचारायचे नाहीत.

* * *

मग तो दिवस. सीमा आली होती. तिच्या दादाला मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी भेटायला बोलावलं होतं आणि ती पार घाबरून गेली होती. चौथ्या खुर्चीत बसून ती मला विचारत होती की स्वतःच जाऊन कबूल करू का, म्हणजे दादा तरी वाचेल. मी आणि इरफानभाई तिची समजूत घालत होतो. इरफानभाईंना ती कोण, कुठली, काहीच माहीत नव्हतं. रडतेय एवढंच ते बघत होते.

बाहेर एक मोठी गाडी थांबली. फोन न करताच मोतीलालजी दारात उभे राहिले.

सीमानं त्यांना ओळखलं. मिलच्या लक्ष्मीपूजनाला मालकाशेजारी बसलेले तिनं बघितले होते. त्यांच्या हातावर पेढा तिनंच ठेवला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठून उभी राहिले.

मोतीलालजींनी तिच्याकडं नीट पाहिलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर. साडूचा आवाज खोलीभर झाला. त्याच्याच गाडीतून आल्यामुळं त्यांना आधी फोन करता आला नव्हता. दोघं मारवाडीत बोलत होते, मी मराठीत सांगते.

"भाईसाब, मी गाडीतच बसलोय. आत कोण कोण आहे?"

"मॅडम आहेत. शेजारचा इरफान आहे."

"अजून?"

मोतीलालजी तिच्या अगदी समोरची खुर्ची ओढून बसले. "अजून दोन खुर्च्या. एकीवर मी बसलो. दुसरी मोकळी."

"नीट बघा."

"बघूनच सांगून राह्यलो. मोकळी खुर्ची आहे. तुम्ही व्हा पुढं, मी चहा घेऊन येतो."

गाडी सुरू झाली, वळली, आणि आवाज लांब गेला. मोतीलालजींनी फोन खिशात ठेवला, चष्मा काढून उपरण्यानं पुसायला घेतला आणि खाली मान घालूनच मला म्हणाले,

"मॅडम, त्या मोकळ्या खुर्चीला पण चहा सांगा. साखर जास्त टाकायला सांगा, लई थरथरून राह्यली ती."